कोणत्या सालचे चिलखत?

दोह्याच्या कॉर्निशलगत, समुद्रात भराव टाकून तयार केलेल्या बेटावर उभे असलेले इस्लामी कला संग्रहालय २००८ साली खुले झाले, आणि दालनांच्या फेरमांडणीसाठी काही काळ बंद राहून ऑक्टोबर २०२२ मध्ये, विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या तोंडावर, पुन्हा प्रेक्षकांसाठी उघडले. वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी कैरोतील इब्न तुलून मशिदीच्या अंगणात वजूच्या हौदावर असलेली घुमटी डोळ्यांसमोर ठेवून या इमारतीचा घाट ठरवला. आतल्या मूळ दालनांची रचना झाँ-मिशेल विल्मोत या फ्रेंच रचनाकाराची होती. हस्तलिखिते, गालिचे, काचपात्रे आणि मोगल जडजवाहीर यांच्या जोडीने येथे शस्त्रे आणि चिलखतेही आहेत. त्यांतील पंधराव्या शतकातली पागोट्याच्या घडणीची शिरस्त्राणे आणि माणसाच्या चेहऱ्याच्या आकारात घडवलेला पोलादी रणमुखवटा या वस्तू युद्धसाहित्याच्या अभ्यासकाला बराच वेळ खिळवून ठेवतात. ऑगस्ट २०१७ मध्ये याच संग्रहालयात फदल अल-मन्सूरी या कतारी संग्राहकाच्या शस्त्रसंग्रहाचे स्वतंत्र प्रदर्शन भरले होते आणि ते पुढच्या वर्षीपर्यंत चालले. दोह्याच्या पश्चिमेस अल शहानियाजवळचे शेख फैसल बिन कासिम अल थानी यांचे खासगी संग्रहालयही जुन्या शस्त्रांसाठी ओळखले जाते.

मध्ययुगाच्या अखेरीच्या फ्रेंच नाइटचे, म्हणजे अंगभर पोलाद ल्यालेल्या घोडेस्वार सरदाराचे, चिलखत कसे होते हा प्रश्न अशा ठिकाणी उपस्थित करणे प्रथमदर्शनी अस्थानी वाटेल. ते चिलखत पाहायचे असेल तर पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात जावे, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. तथापि नाटक, चित्रपट, संग्रहालयातील पुतळा किंवा युद्धप्रसंगाची पुनर्मांडणी यांसाठी ‘अस्सल’ चिलखत निवडू पाहणाऱ्यांची नेहमीची चूक अशी, की ते एकच एक ‘मध्ययुगीन चिलखत’ होते असे गृहीत धरतात आणि जे सर्वांत झळाळते, सर्वांत पूर्ण, ते उचलतात. आपल्याकडील ऐतिहासिक मालिकांत सतराव्या शतकातील मावळ्याच्या अंगावर एकोणिसाव्या शतकातील दरबारी थाटाचे बख्तर दिसते, त्यामागेही हीच वृत्ती असते. दोह्यातील संग्रह या सवयीवर चांगला उतारा आहे, कारण तेथील प्रत्येक शिरस्त्राण पाहणाऱ्याला आधी साल विचारायला लावते, मग मुलूख, आणि त्यानंतर ते कोणाच्या डोक्यावर होते हे. फ्रेंच नाइटच्या बाबतीतही निवडीचा क्रम हाच असला पाहिजे.

हा क्रम प्रत्यक्षात कसा चालतो हे पाहण्यासाठी एका खऱ्या नाइटची निवड करणे सोयीचे ठरते, आणि त्यासाठी झाँ ल मँग्र, म्हणजे इतिहासात बूसिको या नावाने ओळखला जाणारा सरदार, याच्याइतका योग्य माणूस दुसरा सापडत नाही. १३६६ साली तूर येथे जन्मलेला हा योद्धा १३९१ मध्ये, वयाच्या पंचविशीत, फ्रान्सचा मार्शल, म्हणजे राजाच्या सेनेतील सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, झाला. २५ सप्टेंबर १३९६ रोजी डॅन्यूब नदीकाठच्या निकोपोलिस येथे ऑटोमन सुलतान बायजीद याने युरोपीय धर्मयोद्ध्यांचा धुव्वा उडवला तेव्हा बूसिको कैद झाला आणि खंडणी भरून सुटला. पुढे त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या रक्षणात भाग घेतला, १४०१ पासून १४०९ पर्यंत फ्रेंच राजाच्या वतीने जेनोआचा कारभार पाहिला, १४०३ साली आरमार घेऊन सीरियाच्या किनाऱ्यावरील त्रिपोली व बैरूत या बंदरांवर हल्ले केले, आणि २५ ऑक्टोबर १४१५ रोजी आझँकूरच्या लढाईत तो इंग्रजांच्या हाती लागला. १४२१ मध्ये इंग्लंडमध्ये, कैदेतच, त्याचा मृत्यू झाला. एकाच माणसाच्या या दोन पराभवांमध्ये एकोणीस वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्या काळात फ्रेंच नाइटचे अंगावरचे पोलाद इतके पालटले, की निकोपोलिसच्या बूसिकोला आझँकूरचे चिलखत चढवणे हा ढोबळ कालविपर्यास ठरेल.

१३९६ च्या चिलखताचा विचार अंगाला चिकटलेल्या थरापासून करावा लागतो, कारण बाहेरचे सारे पोलाद त्या थराला बांधलेले असे. हा थर म्हणजे आत कापूस किंवा तागाच्या घड्या भरून उभ्या-आडव्या टाक्यांनी शिवलेला घट्ट अंगरखा; शार्ल द ब्ल्वा हा १३६४ मध्ये ओरेच्या लढाईत मारला गेलेला सरदार, त्याचा म्हणून सांगितला जाणारा असा एक रेशमी अंगरखा लियाँच्या वस्त्रसंग्रहालयात आहे. त्याची कंबर इतकी आवळलेली आणि छाती इतकी फुगीर आहे, की पुढच्या काळातील गोलाकार छातीपत्र्याचा घाट शिंप्याने आधी कापडात बेतला होता असे म्हणावेसे वाटते. या अंगरख्याला जागोजागी दोऱ्यांचे बंद असत आणि पायांचे व हातांचे पत्रे त्या बंदांनी टांगले जात. त्यामुळे वजन खांद्यावर एकवटत नसे, ते कंबरेवर आणि अवयवांवर वाटले जाई. नवे चिलखत बनवून घेणारे हौशी लोक बहुधा याच थरावर काटकसर करतात आणि मग पोलाद जड झाल्याची तक्रार करतात. खरे तर अंगरखा चुकला की सर्वच चुकते.

त्यावर येई कडीचे चिलखत, म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेला सदरा, ज्यात प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवलेली असते आणि तिची दोन्ही टोके चपटी करून बारीक रिव्हेटने जोडलेली असतात. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सदऱ्यांत कड्यांची टोके नुसती भिडवून ठेवलेली असतात. भाल्याच्या टोकापुढे अशी कडी उघडते, म्हणून फ्रेंच नाइटसाठी ती निषिद्ध मानली पाहिजे. हिंदुस्थानात मात्र उत्तरकाळात अशा न जोडलेल्या कड्यांची चिलखतेही बनली आणि लोखंडाच्या व पितळेच्या कड्या आलटून पालटून ओवलेल्या गंगाजमनी नक्षीच्या चिलखतांना दरबारी मागणी होती, हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. छातीवर, कड्यांच्या सदऱ्याच्या वर, चौदाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी छातीपत्रा आला होता. तो फुगीर, आखूड आणि पाठीवर पट्ट्यांनी आवळलेला असे, पाठ मात्र बहुधा कड्यांच्याच भरवशावर असे. उजव्या बाजूला भाल्याचा मागचा धक्का अडवणारा टेकू बसवण्याची प्रथा याच सुमारास रूढ झाली. या सर्वांवर बूसिकोसारखा मानकरी आपल्या घराण्याच्या चिन्हाचा कापडी झगा चढवी, आणि त्याचे चिन्ह होते पांढऱ्या भूमीवर निळ्या चोचीचा व निळ्या नखांचा दुतोंडी तांबडा गरुड. दख्खनच्या देवळांतील गंडभेरुंड पाहिलेल्या वाचकाला तो अनोळखी वाटणार नाही, जरी दोहोंचा एकमेकांशी काही संबंध जोडण्याचे कारण नाही.

शिरस्त्राणाकडे येताना दोह्याच्या संग्रहाचा खरा उपयोग सुरू होतो. १३९६ च्या फ्रेंच नाइटचे शिरस्त्राण म्हणजे बॅसिनेट: वर निमुळते होत गेलेले, गालांपर्यंत उतरलेले पोलादी टोपण, पुढे बिजागरीवर उघडणारा, डुकराच्या तोंडासारखा पुढे आलेला मुखपत्रा, आणि खालच्या कडेपासून खांद्यांवर पसरणारी कड्यांची झालर. ही झालर कशी लावत हे जवळून पाहण्याजोगे आहे. टोपणाच्या कडेला ओळीने छोटी नळीवजा कडणी ठोकलेली असत. झालरीच्या वरच्या काठाला शिवलेल्या चामड्याच्या पट्टीतील भोके त्या कडण्यांवर बसवत आणि मग सर्व कडण्यांतून एक दोरी किंवा तार ओवून घेत, म्हणजे दोरी ओढली की झालर निघे आणि स्वच्छ करून पुन्हा चढवता येई. आता पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, पूर्व अनातोलिया व पश्चिम इराण या भागांत घडलेल्या पागोटेवजा शिरस्त्राणाच्या खालच्या कडेकडे पाहिले असता तेथेही कडण्यांची तशीच ओळ आणि त्यातून जाणाऱ्या तारेवर टांगलेली कड्यांची झालर आढळते. वरचा घाट मात्र सर्वस्वी निराळा असतो: बांधलेल्या पागोट्याच्या वळ्यांसारख्या उभ्या किंवा तिरक्या पन्हळी, चांदीच्या तारकामातील अरबी अक्षरे, डोळ्यांवर कापलेल्या दोन कमानी आणि मधोमध खालीवर सरकणारी नाकपट्टी. ही टोपी आतल्या जाड गुंडाळीवर बसवायची असल्यामुळे तिचा घेर मोठा असतो, आणि भारी पागोट्यावर ती चढवलेली आहे असे पाहणाऱ्याला वाटावे हा त्यामागचा हेतू असावा.

या दोन टोपणांतील साम्य आणि भेद यांवरून चिलखत-निवडीचा एक मोठा मुद्दा हाती लागतो. कड्यांची झालर पूर्वेला पंधराव्या-सोळाव्या शतकातच नव्हे, तर मोगल आणि मराठा काळापर्यंत टिकली. जिरेटोपांच्या जुन्या नमुन्यांत ती दिसते. फ्रान्समध्ये मात्र ती १४०० नंतरच्या दोन दशकांत मागे पडली आणि तिची जागा मानेभोवतीच्या सलग पोलादी पत्र्यांनी घेतली. याचे कारण लढाईच्या पद्धतीत शोधावे लागते. पश्चिमेकडील नाइट जोराच्या भाल्याला आणि इंग्रजांच्या लांब धनुष्याच्या बाणाला तोंड देत होता, आणि पायउतार होऊन लढण्याची सवयही त्याला लागत चालली होती. त्याला सांध्यासांध्यांवर सरकणारा सलग पत्रा हवा होता. पूर्वेकडील घोडेस्वार स्वतः धनुर्धर असे, त्याला खोगिरावर मागे वळून बाण सोडायचा असे, आणि म्हणून त्याने कड्यांच्या विणीत लहान पत्रे बसवण्याचा मार्ग पत्करला. दख्खनी आणि मोगल चारआईना, म्हणजे छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांवर बांधायचे चार पत्रे, याच वाटेवरचे पुढचे ठाणे आहे. या दोन्ही वाटांपैकी एक मागासलेली आणि दुसरी पुढारलेली असे मानणे हा जुन्या युरोपीय लेखकांचा पूर्वग्रह आहे आणि तो सोडून द्यावा हेच बरे.

निकोपोलिसच्या रणांगणावरदेखील पोलादी फ्रेंच एका बाजूला आणि हलके तुर्क दुसऱ्या बाजूला असे चित्र खरे नव्हते, कारण बायजीदच्या बाजूने त्याचा मांडलिक सर्बियन राजपुत्र स्टेफान लाझारेविच याचे जड चिलखतांतील घोडेस्वार लढत होते आणि लढाईचा निकाल लावण्यात त्यांचा वाटा मोठा मानला जातो. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, सीरियातील अरब सरदार उसामा इब्न मुन्किध याने आपल्या आठवणींत स्वतःच्या कझागंदचे, म्हणजे आत चिलखत दडवून वर कापड शिवलेल्या रणवस्त्राचे, वर्णन केले आहे. त्यात एक फ्रँक बनावटीचे कड्यांचे चिलखत आणि त्यावर दुसरे आखूड चिलखत, आणि सोबत रेशमाचा चोथा व सशाचे केस असे अस्तर होते. अंगरख्याखाली चिलखत दडवण्याची ही रीत मराठी वाचकाला १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगावरून पाठ आहे.

१४१५ च्या बूसिकोसाठी निवड बदलते. मधल्या काळात तो आठ वर्षे जेनोआत होता, आणि मिलानच्या लोहारांची मोठमोठी दुकाने तेथून दूर नव्हती, तेव्हा त्याच्या दर्जाच्या माणसाने मिलानी काम अंगावर घेतले असावे हा तर्क रास्त आहे. या वर्षी त्याला शोभेल असे चिलखत म्हणजे कापडी आच्छादन नसलेले, नुसते घासून उजळ केलेले ‘पांढरे’ चिलखत: छातीपत्र्याला जोडून कंबरेखाली उतरणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा पोलादी घेर, पाठीवरही पत्रा, मांडी, गुडघ्याची वाटी, नळी आणि पाऊल यांवर बंद होणारे पत्रे, आणि मानेभोवतीच्या पत्र्यांसह खांद्यांवर टेकणारे मोठे बॅसिनेट. त्याच्यासाठी चित्रित केलेली प्रार्थनापोथी पॅरिसच्या जाकमार-आंद्रे संग्रहालयात आहे आणि तिच्यातील योद्धा-संतांची चित्रे या मधल्या काळाची चांगली साक्ष देतात. पण चित्रकार संताला त्याच्या काळाचे कपडे घालतो की आपल्या काळाचे, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. आझँकूरच्या फ्रेंच नाइटांना बाण चुकवण्यासाठी मुखपत्रे मिटून, डोके खाली घालून, नुकत्याच नांगरलेल्या ओल्या शेतातून चालत जावे लागले. लीड्स येथील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पंधराव्या शतकातील चिलखतांच्या हुबेहूब प्रती घालून यांत्रिक पट्ट्यावर चालणाऱ्या माणसांना चालण्यासाठी दुपटीहून अधिक शक्ती खर्चावी लागते असे दिसले. पायांवरचे पोलाद प्रत्येक पावलाला उचलावे लागते आणि छातीभोवती आवळलेल्या पत्र्यांमुळे श्वास उथळ होतो, ही त्यामागची कारणे होत.

म्हणून नाइट पोलादात जखडून पडत असे, उभे राहण्यासाठी त्याला कप्पीने उचलावे लागे, ही समजूत मात्र निव्वळ दंतकथा आहे. बूसिकोच्या हयातीतच लिहिल्या गेलेल्या त्याच्या चरित्रात त्याच्या कसरतींचे वर्णन आहे: पूर्ण चिलखत घालून, फक्त बॅसिनेट काढून, तो कोलांटी मारी, रिकिबीला पाय न लावता घोड्यावर उडी घेई, आणि भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या खालच्या अंगाने, पाय न लावता, दोन्ही हातांनी एकेक पायरी पकडत वर जाई. मापून केलेल्या चिलखताचे वजन साधारण १५ ते २५ किलो असे आणि ते सर्वांगावर वाटलेले असे, हे ध्यानात घेतले की या वर्णनात अतिशयोक्ती कमी आणि तालीम अधिक दिसते. मात्र तेच पोलाद ऑगस्टमधील भूमध्य किनाऱ्यावर, त्रिपोली आणि बैरूत येथे, घालून उतरणे ही वेगळीच कसोटी होती. पूर्वेकडील योद्ध्यांनी कापडाआड पोलाद ठेवण्याचा जो मार्ग धरला त्यामागे ऊन हे एकमेव कारण नव्हते, पण कतारच्या जून महिन्यातील दुपार अनुभवलेल्या माणसाला ते कारण क्षुल्लक वाटणार नाही.

साधनांच्या बाबतीत फ्रान्सची स्थिती दयनीय आहे, आणि निवड करणाऱ्याने हे आधीच ओळखले पाहिजे. पंधराव्या शतकातील जी पूर्ण चिलखते आज टिकली आहेत त्यांतील बहुतेक इटालियन किंवा जर्मन आहेत. दक्षिण टिरोलमधील चुरबुर्ग किल्ल्यात आणि मांतुआजवळच्या एका तीर्थक्षेत्रात, जेथे नवस फेडण्यासाठी उभारलेल्या पुतळ्यांना खरी चिलखते घातलेली होती, तेथे जपलेल्या वस्तू हे त्यांचे मोठे साठे. खुद्द फ्रेंच कामाचे नमुने विरळ आहेत, जरी फ्रेंच शहरांत उत्तम कारागीर होते. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्कसाठी बूसिकोच्याच जन्मगावी, तूर येथे, चिलखत बनले आणि त्यापोटी १०० लिव्हर चुकते केल्याची नोंद हिशेबात आहे, चिलखत मात्र उरलेले नाही. त्यामुळे थडग्यांवरील दगडी मूर्ती, पोथ्यांतील चित्रे आणि हिशेबाच्या वह्या या तिन्हींचा मेळ घालूनच निर्णय घ्यावा लागतो. यात भर म्हणजे एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांच्या हौसेपोटी बनवलेल्या नकला आणि निरनिराळ्या चिलखतांचे तुकडे जुळवून उभे केलेले ‘पूर्ण’ पुतळे. नामांकित संग्रहांतही असे जोडकाम आढळते.

जुने तुकडे कोठून कोठे गेले याचा माग लावण्याची सवय दोह्यातील वस्तूंवरून लागू शकते. पागोटेवजा शिरस्त्राणांपैकी अनेकांवर एक छोटा ठसा आढळतो, तो इस्तंबूलच्या सेंट आयरीन येथील ऑटोमन शस्त्रागाराचा. ही टोपणे घडली अक कोयुनलू किंवा शिरवानच्या राज्यांत, ऑटोमनांनी ती लुटीत किंवा नजराण्यात मिळवली, आणि शस्त्रागाराने आपला शिक्का मारला. म्हणजे ठसा पाहून टोपणाला ऑटोमन म्हणणे म्हणजे मालकाला कारागीर समजणे होय. याला दख्खनमधील जोड अशी: १६८९ मध्ये अदोनीचा किल्ला पडला तेव्हा बिकानेरच्या महाराजा अनुपसिंहाने तेथील विजापुरी शस्त्रे आणि चिलखते आपल्या जुनागड किल्ल्यात नेली, त्यांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरी नोंदी कोरल्या गेल्या, आणि पुढे त्यांतील कित्येक वस्तू जगभरच्या संग्रहांत पांगल्या. देवनागरी अक्षरे पाहून अशा चिलखताला राजपूत ठरवणारा आणि पागोटेवजा टोपणाला डोळे मिटून तुर्की ठरवणारा, दोघेही सारखेच चुकतात.

तेव्हा कोणी फ्रेंच नाइटचे चिलखत बनवून घेण्याचे ठरवलेच, तर आधी एक वर्ष पक्के करावे, मग त्या वर्षाच्या आगेमागे दहा वर्षांतील फ्रेंच थडग्यांच्या मूर्ती आणि पोथ्यांतील चित्रे गोळा करावीत, आणि पैसे अपुरे पडत असतील तर मुखपत्र्यावरची नक्षी सोडून द्यावी, पण आतला शिवलेला अंगरखा आणि रिव्हेट केलेल्या कड्या यांत तडजोड करू नये. १३९६ आणि १४१५ यांतून एकाची निवड करायची झाली तर १३९६ श्रेयस्कर: त्या चिलखतात कापड, कडी आणि पत्रा तिन्ही दिसतात, त्याचा पुरावा तुलनेने भक्कम आहे, आणि बॅसिनेटच्या झालरीची जोडणी समजून घेण्यासाठी जवळचा नमुना पाहायचा असेल, तर आखातात नोकरीधंद्यासाठी राहणाऱ्या मराठी माणसाला तो एखाद्या सुट्टीच्या दिवशी दोह्याच्या संग्रहालयातील पागोटेवजा शिरस्त्राणाच्या खालच्या कडेवर पाहता येतो.